कळंबला गेलेला माझा ठिपका

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सत्तरीला टेकले होते. यवतमाळच्या डॉक्टरांनी तीन महिने वावरात, म्हणजे शेतात, जायचं नाही असं सांगितलं. माझ्या मुलाने त्या तीन महिन्यांचं कायमचं करून टाकलं. तो पुण्यात कारखान्यात कामाला आहे. एकुलता आहे आणि भित्रा आहे. लहानपणी बैलांना भ्यायचा, आता माझ्या गुडघ्याला भितो.

पुण्याला परत जायच्या दिवशी त्याने माझा फोन घेतला आणि अंगणात बसून त्यात बराच वेळ काहीतरी केलं. मग म्हणाला, "याडी, आता तू कुठं हाय ते मले पुण्यातून दिसन. नकाशावर निळा ठिपका दिसते तुहा. पडली-झडली तं कळन." आमच्या बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, पण माझी चौथीपर्यंतची शाळा मराठीत झाली, म्हणून इथे सगळं बोलणं मराठीतच लिहिते.

मी हो म्हटलं. फोनातून माणूस कसा दिसेल, असं माझ्या मनात होतं. मग त्याने खरी गोष्ट सांगितली. "वावरात पाय ठेवला तं वावर मक्त्यानं देऊन टाकतो अन् तुले पुण्याले नेतो." मक्त्याने म्हणजे वर्षाला ठरलेले पैसे घेऊन दुसऱ्याला कसायला.

पुण्यात मी एकदा पंधरा दिवस राहिले आहे. घर चांगलं, सून चांगली, नळाला पाणी चोवीस तास. पण दोघं कामावर गेले की मला करायला काही नसायचं. पंधराव्या दिवशी मी धुतलेले डबे काढून पुन्हा धुतले आणि संध्याकाळी म्हटलं, मला गाडीत बसवून द्या. नवरा गेल्यापासून हे तीन एकर वावर मीच वाहते. त्यात कष्ट आहेत, पण दिवस कसा घालवायचा हा प्रश्न मला तिथे कधी पडला नाही.

पोळ्यापर्यंत मी घरी राहिले. डॉक्टर म्हणाले, आता चाला, चालायलाच पाहिजे. मी चालत वावरात गेले. कामाला बाया होत्या, पण बाया धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेचं तण सोडून देतात, ते मला घरी बसून माहीत होतं. गेले तर तसंच होतं. अर्धा तास झाला नसेल, फोन वाजला.

"याडी, वावरात काय करून राह्यली?"

मी चारी बाजूंना पाहिलं. मला खरंच वाटलं, कोणी तरी कपाशीच्या पराटीत लपून बसलंय.

त्या दिवशी तो खूप ओरडला. संध्याकाळी हे सगळं माझ्या धाकट्या जावेला सांगितलं. तिचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून आहे. पन्नास वर्षांत तिच्या पोटात एक गोष्ट एक दिवस राहिलेली मी पाहिली नाही, पण माणूस मायाळू.

"बाई, व्हीपीएन टाकून घ्या ना मंग," ती म्हणाली.

"ते काय असते वं?"

"आमच्या जावायाच्या फोनात हाय. ते लावलं की माणूस लपते. तो आमच्या ओट्यावर बसून परदेशातलं काय काय पायते, अन् तिकडच्यायले वाटते हा तिथलाच हाय."

"कोणालेच दिसत नाही?"

"देवालेबी दिसत नाही."

तिचा जावई रविवारी आला आणि त्याने ते माझ्या फोनात घालून दिलं. फुकटचं होतं. फोनच्या वरच्या कडेला एक छोटी किल्ली दिसायला लागली. मला ती आवडली. घराला कुलूप लावून निघाल्यासारखं वाटायचं. ती किल्ली मी बंद केलीच नाही. भजनं ऐकायला गेले की मधेच भलत्याच लिपीत साबणाची जाहिरात लागायची आणि फोन पहिल्यापेक्षा हळू चालायचा. म्हटलं, चालू दे, लपायचं आहे तर एवढं सोसावं लागणार.

सोमवारी मी निवांत वावरात गेले. नाल्याकडच्या धुऱ्यावर बसून भाकर काढली, तोच फोन.

"याडी, नाल्यापाशी बसून काय करून राह्यली?"

"मी घरी हाय," मी म्हटलं.

"मंग घर नाल्यापर्यंत वाहून आलं का?"

मी भाकर खात राहिले. तो बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला, "हा कापूस निघू दे. पाडव्याले वावर मक्त्यानं देतो. माणूस पाह्यला हाय मी." ते त्याने शांतपणे सांगितलं, म्हणून मला ते खरं वाटलं. तो ओरडतो तेव्हा काही करत नाही.

त्याच आठवड्यात तालुक्याला, कळंबला, जावं लागलं. पगार चालू राहायला मी जिवंत आहे असं दरवर्षी दाखवावं लागतं. पगार म्हणजे सरकारच्या निराधार योजनेचा. कळंबला ऑनलाइन फॉर्म भरायचं एक दुकान आहे, ते चाळिशीची एक बाई चालवते. ती पटपट बोलते, कोणाला उगाच बसवून ठेवत नाही, आणि न कळलेलं दुसऱ्यांदा सांगायला कुरकुर करत नाही. तिने माझ्या फोनवर फॉर्म उघडून पाहिला. उघडेना. परत करून पाहिला. उघडेना.

"काकू, तुम्ही परदेशात हाय म्हणते हे."

"मी तुह्या समोर बसली हाय."

तिने फोन तिरपा केला. "ही किल्ली कोणी लावली? व्हीपीएन कायले पाह्यजे तुमाले?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. स्टूल ओढून माझ्या बाजूला बसली.

"पाहा काकू. फोन इंटरनेटवर गेला की त्याले एक नंबर मिळते. आयपी म्हणतात. तुम्ही भजन मागवलं, तं ते कुठं पाठवाचं ते त्या नंबरावरून कळते. टपालावर पत्ता असते तसा."

"म्हणजे माह्या घराचा पत्ता."

"घराचा नाही. सिमवाली कंपनी देते तो, अन् बदलतबी राह्यते." तिने किल्ली बंद केली आणि एक पान उघडून दाखवलं. त्यावर लांबलचक नंबर होता, आणि खाली लिहिलं होतं, नागपूर.

"मी नागपुरात नाही," मी म्हटलं.

"हाव ना. नंबरावरून जागेचा अंदाज येते फक्त. तो चुकतेबी." तिने किल्ली परत लावली. नंबर बदलला आणि खाली कुठल्याशा देशाचं नाव आलं. "आता हा तुमचा नंबर नाही. मधल्याचा हाय. तुमचा फोन सगळं गाठोडं बांधून या मधल्याकडं पाठवते. मधला ते आपल्या नंबरानं पुढं पाठवते. उत्तर त्याच्याकडं येते, तो ते तुमच्याकडं पाठवते. समोरच्याले वाटते मधल्यानंच मागतलं. सिमवाल्यालेबी इतकंच दिसते की तुम्ही मधल्याशी बोलून राह्यल्या. गाठोड्यात काय, ते नाही दिसत."

"अन् मधल्याले?"

"मधल्याले तुमचा खरा नंबर माहीत असते. तुम्ही कुठं कुठं गेल्या, तेबी."

इथे मला ते एकदम कळलं. आमचे पूर्वज लदेणी करत, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून गावोगाव माल न्यायचे. माझे सासरे त्यांच्या आज्याकडून ऐकलेलं सांगायचे. मीठ कोणत्या आगरातून भरलं हे घेणाऱ्या गावाला माहीत नसायचं. गावासाठी ते तांड्याने आणलेलं मीठ. ज्याने भरून दिलं त्यालाही ते कोणत्या घरात गेलं हे कळायचं नाही. दोन्ही टोकं फक्त वाहणाऱ्याला माहीत. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, अगदी हेच आहे.

"मंग हा मधला कुठला तांडा हाय? फुकट ओझं कायले वाहून राह्यला?"

आता मात्र ती हसली. "हेच लोकं इचारत नाहीत काकू. इमानदार असतात त्यातलेबी, पण फुकट वाहणारा बरेचदा गोणी उघडून पायते. कोण काय मागते ते लिहून ठेवते अन् जाहिरातवाल्यायले इकते."

"असं आमच्या लोकायनं केलं असतं, तं दुसऱ्या गावानं गोणी देली नसती."

"इथं दुसऱ्या गावाले कळत नाही."

मग मी माझा मुद्दा काढला. आयपी लपला, मान्य. तरी पोराला मी नाल्यापाशी कशी दिसले?

"त्याचा आयपीशी संबंधच नाही," ती म्हणाली. "फोन आभाळातल्या उपग्रहावरून पायते आपण कुठं हाय, अन् ते तुमच्या नावानं तुमच्या पोराले पाठवते. तशी परवानगी तुमीच देली. आता गोणी कितीबी लांबून फिरवून न्या. आत तुमीच चिठ्ठी ठेवली की मी वावरात हाय, तं मधला काय करन?"

तिने ती परवानगी कुठे असते ते दाखवलं. "बंद करून देऊ? एक बटण हाय."

मी नको म्हटलं. बंद केलं की ते बंद झालेलंही त्याला दिसणार. ठिपका वावरात दिसला तर तो ओरडेल. ठिपका नाहीच दिसला तर दुसऱ्या दिवशी बॅगा भरायला येईल. तिने ते फुकटचं व्हीपीएन काढून टाकलं, फॉर्म उघडला, मी फोनासमोर डोळे मिचकावले आणि सरकारदरबारी जिवंत झाले.

घरी येताना ऑटोत बसून मी विचार केला. चिठ्ठी फोनात आहे. फोनातून निघत नाही. मग फोनच लादून पाठवायचा. दोन दिवसांनी चतुर्थी होती आणि जाऊ कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाणार होती. माझा मुलगा मला नेहमी म्हणायचा, मंदिरात बसत जा, चार बायांत वेळ जातो. घ्या मग मंदिर.

चतुर्थीला सकाळी मी फोन सुपारीच्या कोथळीत घातला, तोंड आवळलं आणि कोथळी जावेच्या कमरेला बांधली.

"दिवसभर मंदिरात बसजो. दर्शन घे, प्रसाद खा. याले हात लावू नको."

"वाजला तं?"

"वाजू दे."

"अन् लई वाजला तं?"

"लई वाजू दे."

तो दिवस चांगला गेला. कापूस फुटायला लागला होता, पहिला वेचा सुरू होता. बाया पराटीतून वेचून आणत होत्या आणि मी झाडाखाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पांढऱ्यातून कवडी वेगळी करत होते. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. तो मिसळला की सगळा माल खराब दिसतो. हे काम बसून होतं आणि माझ्यासारखं दुसऱ्या कोणाला जमत नाही, हे मी नाही, त्या बायाच म्हणतात. दुपारी त्यांच्यातली एक म्हणाली, "बुडी आज लई खुशीत हाय." मी म्हटलं, "बुडी आज कळंबले हाय." त्या पाहत राहिल्या.

संध्याकाळी घरी आले तर जाऊ माझ्या ओट्यावर बसलेली. कोथळी मांडीवर, तोंड उतरलेलं.

"फोन उचलला तू," मी म्हटलं.

"नव वेळा वाजला बाई. लोकं पाहून राह्यलते. पुजारीबी पाहून राह्यलता."

"काय म्हणे तो?"

"लई खूश होता. याडी, मंदिरात हाय ना, माह्याकडून नमस्कार कर म्हणे. मी तुमच्यासारखा आवाज काढला अन् हाव म्हटलं."

"मंग?"

"मंग त्यानं इचारलं, गुडघा कसा हाय. माह्या तोंडातून निघून गेलं, कोणता?"

मी डोक्याला हात लावला.

"तो म्हणे, कोण बोलून राह्यलं? मंग मी सांगून टाकलं."

"काय सांगतलं?"

"सगळंच. आता अर्धं कायले ठेवाचं? व्हीपीएन, किल्ली, जावाई, ते कळंबवाली बाई. अन् उद्याबी तुम्ही जाणार हाय ते."

मी तिला रागावले नाही. दुकानातल्या बाईने मला सरळ सांगितलं होतं की मधल्याला सगळं माहीत असतं, आणि फुकट वाहणाऱ्याला तर आधी पारखून घ्यावं. मी आख्ख्या तांड्यातून नेमकी हिला निवडली. चूक माझी होती. मी चहा मांडला, दोघींनी घेतला, आणि तिने आणलेला प्रसादही खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. घराला कुलूप पाहून त्याने ठिपका पाहिला असणार, कारण सरळ वावरात आला. पाठीवर बॅग तशीच. बाया वेचायच्या थांबल्या. मी थांबले नाही.

"चहा घेतला का?" मी विचारलं.

"याडी, तू मले फसवलं."

"हाव. फसवलं."

त्याने भांडणाची तयारी करून आणली होती; मी कबूल केल्यावर ती वाया गेली. बॅग खाली ठेवून तो पराटीकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "त्या माणसाले आज भेटतो. मक्त्याचं पक्कं करून टाकतो. तुह्याशी असं लपाछपी नाही खेळू शकत मी तिकडून."

मी म्हटलं, "भेट. पण वावर देतो तं त्यात काय उभं हाय ते पाहून तं घे." आणि एक फडकं त्याच्याकडे फेकलं. ते कमरेला ओटीसारखं बांधून कापूस वेचतात. लहानपणी वेचायचा तो. त्याने रागारागाने बांधलं आणि एका ओळीला लागला.

दोन तास असेच गेले. तो वेचत होता आणि मान वळवून माझ्याकडे पाहत होता. मी काही सोंग केलं नाही. उठताना मी काठीवर दोन्ही हात टेकून उठते, वेळ लागतो, तसाच लागला. धुऱ्यापर्यंत गेले, परत आले, बसले. डॉक्टरांनी तेच सांगितलंय. दुपारपर्यंत त्याची कंबर धरली आणि तो माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसला.

"दुखते का गुडघा?"

"दुखते. घरीबी दुखते."

"इथं पडली तं?"

"इथं पडली तं या पाच बाया उचलतीन. घरी पडली तं? तुह्या पुण्यात दोघं कामावर गेल्यावर चौथ्या माळ्यावर पडली तं?"

तो कमरेच्या फडक्याची गाठ सोडायला लागला.

"मी पडली तं तुहा ठिपका आडवा होते का?" मी विचारलं. "उभी हाय का पडली हाय, ते दिसते का त्यात?"

एका बाईला हसू आलं. त्यालाही आलं असतं, पण त्याने ते दाबलं. फोन काढून नकाशावरचा माझा ठिपका त्याने पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. आपण इतके दिवस काय पाहत होतो, असा काहीसा चेहरा झाला त्याचा. की त्याला भूक लागली होती, कोण जाणे. मी त्याला भाकर दिली.

खाऊन झाल्यावर म्हणाला, "त्या माणसाले नाही म्हणून सांगतो. पण एकटी नाही याचं. बाया असतीन तवाच. अन् ठिपका चालू ठेवाचा. कोणाच्या कमरेले नाही बांधाचा."

"ठीक हाय. तुहाबी मले दिसला पाह्यजे."

"काय?"

"तुहा ठिपका. तूबी एकटाच फिरते तिकडं मोटरसायकलवर. मले काळजी नाही का?"

तो हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला. मग त्याने माझा फोन घेतला आणि करून दिलं. बाया पुन्हा ओळीत शिरल्या.

आता मी सकाळी चहा घेताना त्याचा ठिपका पाहते. घर, कारखाना, घर, असंच असतं. मागच्या महिन्यात भर दुपारी तो भलतीकडेच दिसला. मी फोन लावला.

"कारखाना सोडून कुठं हाय?"

"दात काढाले आलो याडी. तोंडात कापूस हाय."

"सांगून जात जाय."

तो काहीतरी पुटपुटला, कापसामुळे नीट कळलं नाही. माझ्या मते "आता मीबी व्हीपीएन टाकतो" असं म्हणाला. मी म्हटलं, "टाक. आयपी लपन. दवाखाना नाही लपत."

पाडवा होऊन गेला. वावर माझ्याकडेच आहे. यंदा नाल्याकडच्या पट्ट्यात तूर टाकायची असं मी ठरवलंय. तो म्हणतो सोयाबीन टाक. तिथे पाणी कसं टिकत नाही ते त्याला नकाशावर दिसत नाही, म्हणून तूर.